मंगलमामाचा वर केलेला हात

आमची लाल गाय एकाच माणसाच्या हाकेला उठायची, आणि तो माणूस आमच्या घरातला नव्हता. आईने दोर ओढला, बाबांनी दटावलं, मी मानेखाली कितीही खाजवलं तरी बाईसाहेब गोठ्यात बसून रवंथ करत राहायच्या. मग गावाच्या टोकाकडून, आखरावरून, मंगलमामाची हाक यायची. आखर म्हणजे गावची सगळी जनावरं सकाळी जिथे गोळा होतात ती मोकळी जागा. त्या हाकेत शब्द असा नव्हताच. घशातून निघालेला एक लांब सूर असायचा, वर चढत जाऊन शेवटी थोडासा मोडणारा. तो ऐकला की लाल गाय ताडकन उठायची आणि दोर सोडेपर्यंतही तिला दम निघायचा नाही. "माह्या घरचं खाते अन् त्याची होऊन राह्यते," असं आई रोज म्हणायची, आणि रोज तिच्या बोलण्यात थोडा राग आणि बरंचसं कौतुक असायचं. आता माझे केस पिकले, गुडघे बोलायला लागले. बालाघाट शहरात माझ्या खिडकीखालून पहाटे दूधवाल्यांच्या मोटारसायकली जातात. तरी झोप उघडायच्या आधी तो सूर कधीकधी कानात येतो आणि मग दिवसभर कशात लक्ष लागत नाही.

मंगलमामा गावचा गुराखी. जातीने गोवारी, अंगाने काटक, आणि जिभेने तिखट. त्याचं गाव आणि माझ्या आईचं माहेर एकच, लामत्याच्या बाजूचं, म्हणून तो माझा मामा. नात्याला एवढं कारण पुरायचं. धान निघालं की दर जनावरामागे ज्याने त्याने त्याला धान द्यायचं आणि आठवड्यातून एका दिवसाचं दूध त्याचं, अशी जुनी रीत होती. त्याची बायको लवकर गेली होती. घरात तो आणि त्याची मुलगी सुगन, दोघंच. सुगन माझ्याच वयाची. आम्ही दोघी मिळून मोहफुलं वेचायचो, शेण गोळा करायचो आणि त्यावरून भांडायचो. मी शाळेत जात होते म्हणून मामा मला "मास्तरीणबाई" म्हणायचा, आणि बाजूने जाताना मुद्दाम रस्ता सोडून उभा राहायचा. मी चिडले की त्याला फार मजा वाटे.

आमचा मोहल्ला बौद्धांचा, गावाच्या उतरत्या अंगाला. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर एक बुद्धाची आणि एक कोट घातलेली अशा दोन तसबिरी, आणि चुलीवर बहुतेक दिवस लाखोळीची डाळ. बाबा उकव्याच्या मँगनीजच्या खाणीत होते. सुट्टीला यायचे तेव्हा कपड्यांतून काळी धूळ यायची आणि आई ते कपडे वेगळे धुवायची. मंगलमामा आमच्या घरी कधी पाणी पीत नसे. मोहल्ल्यात, चार लोकांच्या देखत, गोवाऱ्याने आमच्याकडचं पाणी घेतलं असतं तर त्याच्या भावकीने त्याला वाळीत टाकलं असतं. पण माळावर, जनावरांच्या मागे, आईने फडक्यात बांधून दिलेली तांदळाची भाकर आणि जवसाची चटणी तो माझ्या हातून मुकाट्याने घ्यायचा आणि शेवटचा घास लाल गायीला द्यायचा. मी एकदा आईला विचारलं, हे असं काहून? आई म्हणाली, "तिथं त्याले कोणी पाहात नाही म्हून." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि मला त्याचंच वाईट वाटलं.

मी शाळेत असतानाच एका वर्षी पंचायतीच्या निवडणुका झाल्या आणि सरपंचाची जागा आमच्या समाजाच्या बाईसाठी राखीव निघाली. आई निवडून आली. गावातल्या जाणत्या लोकांनी तिला उभं केलं होतं ते आपण सांगू तिथे ती अंगठा लावेल या हिशोबाने. त्यांचा अंदाज एकाच बाबतीत चुकला. आईने अंगठा लावला नाही. बाबांकडून सही शिकली. पाटीवर, कोळशाने जमिनीवर, एकदा तर भाकरीच्या पिठात बोटाने तिने आपलं नाव काढलेलं मी पाहिलं आहे. तिला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ग्रामसभा. अठरा वर्षांवरचा प्रत्येक माणूस तिथे बसू शकतो आणि प्रत्येकाचा हात मोजला जातो, हे तिला सचिवाने सांगितलं तेव्हा तिने ते दोनदा म्हणवून घेतलं. पुढे कितीतरी दिवस पोळपाटावरून हात न काढता ती आम्हाला सांगायची, "पटेलाचा बी एकच हात मोजतेत, अन् माहा बी एकच." एवढ्या आनंदात मी तिला नंतर पाहिलं नाही.

गावाच्या वरच्या अंगाला बरडी होती. मुरमाड, चढाची, सरकारी कागदात चराईची म्हणून लावलेली जमीन. धान कापलं की आमच्याकडच्या बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेतं, रिकाम्या होत नाहीत. कापणीआधीच त्यांत लाखोळी फेकलेली असते, पलीकडे हरभरा असतो. म्हणजे पावसाळ्यापासून ते थेट हरभरा निघेपर्यंत गावच्या जनावरांना पाय ठेवायला बरडी सोडून जागा नव्हती. तिथे कालव्याची नवी शाखा आली. पाणी आलं आणि कालपर्यंत कोणी न विचारलेल्या मुरमाची किंमत एकदम कळली. उपसरपंच म्हणजे आमचे पटेलबाबा. त्यांनी प्रस्ताव आणला की गावाला चराईची गरज उरली नाही असा ठराव ग्रामसभेने करावा, म्हणजे बरडीचे तुकडे पाडून वाटता येतील. पटेलबाबा काही राक्षस नव्हते. तीन मुलं, जमीन फुटत चाललेली. आणि खरं सांगायचं तर आमच्याच मोहल्ल्यातल्या भूमिहीन लोकांना त्या तुकड्याची सगळ्यांत जास्त आस लागली होती. आमच्या दारात येऊन ते आईला सांगायचे की बाई, पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या बांधीत वाकलो, आता आपल्या वाट्याला हातभर येऊन राह्यली तर तू आडवी पडू नको. आई त्यांना चहा द्यायची आणि ऐकून घ्यायची. त्यांचं चूक आहे असं ती एकदाही म्हणाली नाही.

ती फक्त एका गोष्टीवर अडून बसली. ज्याचं पोट त्या बरडीवर आहे तो माणूस सभेत असला पाहिजे. सभा दुपारची होती, आणि दुपारी मंगलमामा कुठे असणार? ज्यांनी त्याच्याबद्दल हात वर करायचे त्यांचीच जनावरं घेऊन बरडीवर. आईने सचिवाला सांगून पाहिलं की सभा सकाळी आखरावर घ्या, जनावरं निघायच्या आधी. सचिव बसने यायचा, आणि बस दुपारी. तो म्हणाला, "सरपंचबाई, एक आदमी के लिए टाइम नहीं बदलता." बाबा सुट्टीला आले होते. त्यांनी हळूच सुचवलं की मंगलचं म्हणणं तूच सभेत मांड, झालं. आईला ते मुळीच पटलं नाही. दुसऱ्याने आपल्या वतीने बोलायचं हे आपण पुष्कळ भोगलं आहे, असं ती म्हणाली आणि पदर खोचून गोवाऱ्यांच्या आळीकडे निघाली. मी मागे होते.

मामा अंगणात दोर वळत बसला होता. सगळं ऐकून घेतल्यावरही त्याचा हात थांबला नाही. "मी कायले येऊ बाई? तू हायेस न तिथं. गाव म्हनल तसं." आई उभीच होती. गोवाऱ्याच्या अंगणात आमच्यापैकी कोणी बसत नसे. ती म्हणाली, "मी सरपंच म्हून नाही आलो, मंगल. बहीण म्हून आलो. तुहा हात तुलेच वर करा लागते." जनावरं कोणाजवळ सोडू, असं त्याने विचारलं. सुगन हाये न, असं आई म्हणाली. सुगन दारात होती, ती लगेच म्हणाली की मी पाहीन बाबा, घटकाभराचंच तर काम आहे. मामाने दोर बाजूला ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी विचित्र आलं, लाजल्यासारखं. एवढ्या वर्षांत गावाने त्याला हरवलेल्या गायीसाठी, अडलेल्या म्हशीसाठी, मेलेल्या वासरासाठी बोलावलं होतं. बैठकीला कोणीच बोलावलं नव्हतं.

सभेच्या दिवशी तो धुतलेलं धोतर नेसून, बिनकाठीचा आला. काठी नसलेला मंगलमामा मी पहिल्यांदाच पाहिला, आणि हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या होत्या. तो सगळ्यात मागे, सतरंजी संपते तिथे मातीत बसला. आईने टेबलामागून खूण केली तेव्हा थोडा पुढे सरकला. माझं हात वर करायचं वय नव्हतं, म्हणून मी वर्गाच्या पायरीवर. शेजारीच सतरंजीवर सुभद्राकाकू होती. सुभद्राकाकू आमच्याच मोहल्ल्यातली, विधवा. तिची एक गाय आणि कालव्याखाली हरभऱ्याची एक लहानशी बांधी, एवढ्यावर तिचं घर चालायचं. तिने सकाळीच आईला सांगितलं होतं की मी मंगलच्या बाजूनं, माही गाय जाईल कुठं? अशा एकेक गायीच्या बाया बऱ्याच होत्या. पटेलबाबा बोलले, दोन-तीन तरुण बोलले. मग आईने मामाला उभं केलं. तो फार थोडं बोलला. "तुमचीच जनावरं हायेत. माहं त एक बी नाही. मले फक्त सांगा, उद्या कुठं नेऊ." आणि बसला. मला आठवतं, पटेलबाबांनीही मान खाली घातली होती.

सचिव हिंदीत म्हणाला, जे प्रस्तावाच्या बाजूचे आहेत त्यांनी हात वर करा. मोजणी झाली. मग म्हणाला, जे विरोधात आहेत त्यांनी करा. हात वर जायला लागले आणि मी पायरीवर उभी राहिले, कारण ते पुष्कळ होते. सुभद्राकाकूचा होता. पटेलांच्या घरच्या एका म्हातारीचाही होता. आणि मागे मंगलमामाचा, कोपरात जरासा वाकलेला, पंजा पूर्ण उघडा. आईकडे पाहिलं तर ती टेबलामागून अर्धवट उठून हात मोजत होती. सचिव पुढच्या रांगेपासून मोजत मागे येऊ लागला. तेवढ्यात पटेलांची सून कालव्याकडून धावत आली. जनावरं हरभऱ्यात शिरली, सगळा कळप, सुभद्राकाकूच्या बांधीत.

काय झालं ते सुगनने मला नंतर सांगितलं. रोज त्या वेळेला मामा बरडीवरच्या बोडीच्या, लहानशा तळ्याच्या, काठी उभा राहून एक हाक द्यायचा, की जनावरं पाण्यावर येऊन बसायची. त्या दिवशी हाक आली नाही. सुगनने देऊन पाहिली, पण तिच्या आवाजात तो मोड नव्हता. लाल गाय उभी राहिली, तिने इकडे तिकडे पाहिलं, आणि मामा सकाळी जनावरं बरडीवर पोचवून ज्या वाटेने परतला होता त्या वाटेला लागली. ती निघाली म्हणून तिच्यामागे बाकीच्या. सुगन आडवी गेली, हातातली काठी मोडेपर्यंत मारलं तिने. पण एवढा कळप एका पोरीला कसा आवरणार? गायीला हरभरा नको होता. ती सरळ शाळेच्या दिशेने, त्याच्याकडे येत होती. हरभरा फक्त वाटेत होता, घाट्यावर आलेला.

मामाने ती बातमी पूर्ण ऐकलीसुद्धा नाही. जनावर पिकात गेलं म्हटल्यावर गुराख्याचे पाय विचारत नाहीत. तो हात वर असतानाच उठला आणि धावला. सुभद्राकाकू बसल्या जागी मागे वळून पाहात राहिली. मग तिने आपला हात खाली घेतला. "सचिवसाहेब, माहा काढा," ती म्हणाली. तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं. तिच्यामागे आणखी हात खाली आले. पटेलबाबांना काही बोलावंच लागलं नाही. आईने सचिवाला सांगितलं की मंगल आत्ता इथे होता, त्याचा हात तुम्ही पाहिला, तो धरा. सचिव म्हणाला, "जो बैठा है उसी का गिनेंगे, बाई. नियम है." नियम खरा होता. आईनेच सगळ्या गावाला तो पहिल्या दिवसापासून शिकवला होता. ठरावाखाली तिने सही केली. पिठात गिरवून शिकलेली ती सही. अक्षरं नीट आली होती आणि ती पाहून मला रडू आलं.

त्या संध्याकाळी मामा आमच्या दारात आला. अंगभर हरभऱ्याची आंब, धोतर फाटलेलं. जनावरं आपापल्या घरी आपणच जातात, त्यांना पोचवावं लागत नाही. पण त्या दिवशी तो लाल गायीच्या गळ्यात हात टाकून तिला आणत होता. तिच्यावर तो रागावला असेल असं मला वाटलं होतं. गाय गोठ्यात बांधून तो अंगणात उभा राहिला. मग आईला म्हणाला, "बाई, पानी दे." मोहल्ल्यातली माणसं दारादारात उभी होती. आईने तांब्या दिला. तो सगळ्यांच्या देखत घटाघटा प्यायला आणि अंगणातच बसला. आईने त्याला ताट वाढलं. डाळ, भात, हिरव्या मिरचीचा ठेचा. शेवटचा घास घेऊन तो उठला, गायीला दिला, आणि हात धुताना, आईकडे न बघता, त्याने विचारलं, "माहा हात धरला का, बाई?"

आई म्हणाली, "हौ. धरला."

तो हसला. फार मोठ्याने हसला असं नाही, पण त्या दिवसाच्या मानाने पुष्कळच. "मंग ठीक हाये," म्हणाला. "हरलो त हरलो. गावानं बलावलं, मी आलतो." आणि गेला. आई खरकटं ताट हातात घेऊन तिथेच उभी राहिली. घरात आल्यावर बाबांनी तिला समजावलं की तू उगाच जीवाला लावून घेऊ नको, त्याचा हात मोजला असता तरी आपण हरलोच असतो. आई म्हणाली, "मोजला त असता." त्या विषयावर आमच्या घरात झालेलं बोलणं एवढंच.

बरडीवर नांगर फिरला. आमच्या मोहल्ल्यातल्या काहींना तुकडे मिळाले, सुभद्राकाकूलाही एक मिळाला, आणि त्या जमिनीवर त्यांच्या मुलांची शिक्षणं झाली. हे मी लपवणार नाही. कळप मोडला. लोकांनी गायी बाजारात नेल्या. आमचीही गेली, कारण तिला दिवसभर बांधून ठेवणं आईला बघवेना. मंगलमामा आणि सुगन मलाजखंडला गेले, तांब्याच्या खाणीवरच्या एका ठेकेदाराकडे दगड उचलायला. जाताना तो आखरावर जाऊन आला, एवढं मला कळलं. आमच्याकडे आला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं असतं आणि मग मी त्याला चिडवलं असतं, असं मी आईला म्हणाले होते. आई हसली नाही.

फार वर्षांनी बैहरच्या बसस्टँडवर सुगन भेटली. आता ती आजी झाली आहे आणि मराठीपेक्षा हिंदीच बोलते. मामा गेल्याचं तिने सांगितलं. खाणीच्या वस्तीत पोरं त्याला त्याच्या गावाबद्दल विचारायची, तेव्हा तो गायींबद्दल बोलायचा नाही म्हणे. तो सांगायचा की आमच्या गावात पंचायत बसली होती, पटेलाचा जसा हात मोजला तसा माझाही मोजला. हे सांगताना सुगनला बापाचा अभिमान वाटत होता. मी तिच्या हातात संत्र्याची पिशवी कोंबली आणि बस आली म्हणून चढले. गावी पोचल्यावर आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडून झालेले तांदूळ तिने परत सुपात घेतले आणि पुन्हा निवडायला लागली.

मागच्या हिवाळ्यात मी गावी गेले तेव्हा ग्रामसभा होती. आईला आता कमी ऐकू येतं, पण सभा ती चुकवत नाही. मी तिला धरून नेलं. गावाला आता मोकाट जनावरांनी पिडलं आहे. ट्रॅक्टर आले, बैल नकोसे झाले, भाकड गायी लोक रस्त्यावर सोडून देतात आणि त्या जमतील त्याच्या बांधीत शिरतात. बरडीवरची शेतंही सुटत नाहीत. तेव्हा प्रस्ताव आला की पंचायतीने एक गुराखी ठेवावा, त्याला मानधन द्यावं, दुपारच्या वेळी जनावरं कुठेतरी चारून आणावीत. पटेलबाबांचा नातू सरपंच आहे, गोड मुलगा आहे. त्याने विचारलं, बाजूने कोण कोण? पटांगणभर हात वर गेले. सुभद्राकाकूच्या मुलाचा गेला. माझाही जाता जाता राहिला, मी तिथली मतदार नाही. आईचे दोन्ही हात पदरात होते. नातवाला वाटलं तिला ऐकू आलं नाही. तो जवळ येऊन वाकला आणि मोठ्याने म्हणाला, "आजी, गुराखी ठेवायचा का, विचारून राह्यलो. हात वर करा न."

आईने त्याच्याकडे पाहिलं. "करतो," ती म्हणाली. "पन पहिले एक सांग बाबू. सभा असली की तो गुराखी जनावरं कोनापाशी सोडून येईल?"